जादा केबल

नव्या पॉवर सप्लायची पहिली जादा केबल मी काढली, तेव्हा आमच्या कुकरची शिट्टी गेली.

वजन जागेवरच होतं. वाफ धरली की ते नेहमीसारखं उचललं जायचं, थरथरायचं, फवारा छतापर्यंत जायचा. आवाज तेवढा व्हायचा नाही. शैलजा ओट्याकडे पाठ करून कोथिंबीर निवडत होती. ती शिट्ट्यांवर कान ठेवून स्वयंपाक करणारी. कानावर काहीच आलं नाही आणि डाळ खाली लागली.

"अहो, कुकर वाजला नाही का?" तिने विचारलं.

मी टेबलाखाली आडवा होतो. केबल हातात होती. काळी, चपटी, टोकाला बारीक पिना. ती मी परत खोबणीत बसवली. खटका लागला आणि कुकरने शिट्टी दिली. केबल काढली. कुकर गप्प झाला.

"आवाज कमी झालाय का बघ," मी म्हणालो.

"कुकरचा?"

"कॉम्प्युटरचा."

तिने जरा वेळ ऐकलं. "किंचित," ती म्हणाली. माझ्या समाधानासाठी म्हणाली असावी. पण मी केबल बाहेरच ठेवली.

जुना पॉवर सप्लाय फटकन आवाज करून जळला होता. विजेचा तो लोखंडी डबा गेला की कॉम्प्युटर म्हणजे नुसतं कपाट. मी मुजावरच्या दुकानात गेलो. त्याने खोक्यातून नवा डबा काढला आणि काउंटरवर ठेवला.

"मॉड्युलर आहे, काका. केबली सुट्या येतात. लागतील तेवढ्याच लावायच्या. आवाज म्हणाल तर चालू आहे का बंद, तेपण कळत नाही."

घरी आणून मी तो बसवला. चार स्क्रू, वर पंखा. मी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात नोकरी घालवलेला माणूस. रिकामी चौकट मला बघवत नाही. डब्याच्या पाठीवर जेवढ्या खोबणी होत्या तेवढ्या सगळ्यांत केबली लावल्या आणि ज्यांचं दुसरं टोक कुठेच जात नव्हतं त्या गुंडाळून कॅबिनेटच्या पोटात कोंबल्या. बटण दाबलं. पंखा फिरला आणि खोलीत घूंऽऽ सुरू झालं.

मोठं नव्हतं. मोठं असतं तर त्याच्याशी भांडता आलं असतं. हे बारीक, एकसारखं, न थकणारं होतं. शेजारच्या खोलीत गेलो तरी भिंतीतून येई. कानात बोट घातलं तर बोटातून येई. मुजावरला फोन केला, तर तो म्हणाला, "सगळ्या लावल्या? कशाला? जादा काढा की. आत हवा कोंडत असंल. हवा कोंडली की पंखा पळतो." म्हणून मी काढायला बसलो होतो, आणि कुकरची शिट्टी गेली.

शिट्टीवाचून चालत होतं. शैलजाने कुकरसमोर स्टूल ओढलं आणि वाफ बघून गॅस बंद करू लागली. घूंऽऽ असून मात्र चालणार नव्हतं, त्याचं कारण इंदुताई.

इंदुताई शैलजाच्या गुरू. लग्नाआधी शैलजा त्यांच्याकडे गाणं शिकली. आता त्या कॅनडात मुलाकडे असतात आणि त्यांचे कान चालले आहेत. एक गेला, दुसरा जाणार आहे, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी तरुणपणी पूरिया धनाश्रीत एक चीज बांधली होती. ती त्यांनी शैलजाखेरीज कुणाला दिली नाही. आता अंतऱ्याची उठावण आपण कशी केली होती ते त्यांनाच आठवेना. त्यांचा निरोप आला: शैला, एकदा ऐकव. मग कान गेले तरी जाऊ देत.

मोबाईलवर गायलेलं त्यांना ऐकू जात नव्हतं. लांबवलेला स्वर फोन मधेच गिळून टाकतो. म्हणून कॉम्प्युटरला चांगला माइक लावून शैलजाने स्थायी गाऊन पाठवली. इंदुताईंचा मुलगा हेडफोन लावून आवाज शेवटपर्यंत वाढवतो, तेव्हा त्यांना थोडं कळतं. आवाज वाढवला की घूंऽऽ पण वाढतं. उत्तर आलं: "तू गाते आहेस की विमानात बसली आहेस?"

त्या दिवशी शैलजा जेवली नाही. मी म्हणालो, "उद्यापर्यंत गप्प करतो त्याला."

दुसरी जादा केबल काढली तेव्हा मोरीतल्या नळाचं टपटपणं गेलं. नळ गळतच होता. थेंब फुगायचा, लोंबायचा, बादलीत पडायचा, पाण्यावर वर्तुळ उमटायचं. वर्षभर ती टपटप ऐकून माझं डोकं उठलं होतं. मला बरं वाटलं. पण घूंऽऽ तसंच होतं. उलट मधली टपटप नसल्यामुळे ते आता सलग झालं.

तिसरी काढली तेव्हा काय गेलं ते लगेच कळलं नाही. संध्याकाळी बिरनाळे वर आले. ते हळदीचे व्यापारी. शेजारच्या विंगमध्ये राहतात, आणि त्यांची पांढरी गाडी आमच्या घराच्या बरोबर खाली लागते. आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर, खाली खांबांचं पार्किंग. त्यांच्या अंगातून हळदीचा वास येतो. ते दारातच उभे राहिले.

"अळतेकर, गाडीचं गाणं गेलं."

त्यांची गाडी मागे जाताना एक सुरावट वाजवायची. सगळ्या कॉलनीला ती पाठ होती.

"इथून गेलं असं कशावरून?" मी विचारलं.

"दुसरीकडनं कुठनं जाणार? कालपासनं वरनं वारं पण तुमचंच सुटलंय. गाडीचं कव्हर उडून गेटाला अडकलं."

ते खरं होतं. पंख्याचं तोंड वर असतं म्हणून आवाज वर येतो, असं मुजावर म्हणाला होता. मी डबा उपडा करून पंखा खाली केला होता. आवाज तसाच राहिला, पण फरशीतून वारा आरपार जाऊ लागला. टेबलाखालची फरशी बर्फासारखी गार झाली होती आणि खाली पार्किंगमध्ये पाचोळा गोल गोल फिरत होता.

"गाणं नसलं की मी मागं जातोय, असं मला वाटतच नाही," बिरनाळे म्हणाले. "आरशात बघायची सवय नाही मला. गाणं चालू हाय तवर जायचं. आता कुठवर जायचं, कळंना झालंय. सकाळी कुंडी फोडली."

शैलजा स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिने त्यांना इंदुताईंचं सांगितलं. बिरनाळे ऐकत राहिले. त्यांच्या आईचे कान शेवटी गेले होते, ते त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "तुमच्यासाठी म्हटल्यावर राहू दे तिकडं, ताई. पण लवकर उरका."

डब्यात आता कामाच्या तेवढ्याच केबली उरल्या होत्या. मी स्क्रूंच्या खाली रबराच्या चकत्या घातल्या. कॅबिनेटखाली सतरंजी घातली. सतरंजीखाली उशी. कॅबिनेटभोवती गादी उभी केली, तर गादी घूंऽऽ करू लागली. गादीला हात लावला की हाताला मुंग्या येत आणि हात बराच वेळ वाजत राही. मी कॉम्प्युटर बेडरूममध्ये न्यायचं ठरवलं. बेडरूम हॉलपासून लांब गेली. शैलजा हॉलमध्ये माइकसमोर बसली, आणि मी पुढ्यात वायरचं वेटोळं घेऊन ती सोडत सोडत बेडरूमकडे चालू लागलो. चालता चालता दमलो, वायर संपली, बेडरूमचं दार अजून पुढेच होतं. मागे वळून बघितलं तर शैलजा काडेपेटीएवढी दिसत होती. आवाज मात्र शेजारीच होता. मी परत आलो.

"जमलं नाही," मी म्हणालो.

"दिसलं मला," शैलजा म्हणाली.

तिला आणखी एक गोष्ट दिसली होती, आणि ती तिने मला आधी सांगितली नव्हती. त्या घूंऽऽ ला स्वर होता. तिच्या षड्जाच्या जरासा खाली. रियाजाला बसली की तिचा षड्ज हळूहळू घसरत त्याच्यावर जाऊन टेकायचा. ती उचलून वर आणायची. पुन्हा घसरायचा. घरातले बाकीचे आवाज होते तोवर तिला त्यांचा आधार होता. आता धरायला दुसरं काही नव्हतं.

कॅनडाहून मुलाचा निरोप आला. आईला आज माझं बोलणं पहिल्यांदा ऐकू आलं नाही, शैलाताई. हेडफोनमध्ये अजून थोडं येतंय. जमेल तेवढं लवकर करा.

मी पुन्हा टेबलाखाली शिरलो.

"अहो, बाहेर या," शैलजा म्हणाली.

"पाच मिनिटं."

"मी नुसती तंबोरा लावून गाते. राहू दे ते तसंच."

"तसंच ठेवून काय उपयोग? विमान म्हणतील परत."

"म्हणू देत. तुम्ही बाहेर या."

मी कॅबिनेटमध्ये डोकं घातलं होतं. घूंऽऽ माझ्या दातांत वाजत होतं. इतके दिवस मी ह्या एका आवाजामागे होतो. जेवताना, आंघोळ करताना, कुणी बोलत असताना. तो आता मला इतका बारकाईने माहीत झाला होता की त्याच्यात वेगवेगळे पदर ऐकू येत. डब्याच्या पाठीवर हात फिरवताना मला कडेला आणखी एक खोबण लागली. ती आधी नव्हती. तिच्यात केबल होती, आणि केबल कोमट होती. तिचं दुसरं टोक कॅबिनेटच्या मागून बाहेर पडून खोलीत कुठेतरी जात होतं.

"मला शांत कॉम्प्युटर नकोच आहे," शैलजा माझ्या पाठीमागे म्हणत होती. तिचा आवाज चढला होता. "किती वेळा सांगायचं तुम्हाला? मला नुसतं एवढंच—"

मी केबल ओढली.

मी वळून बघितलं. शैलजा बोलत होती. तोंड उघडत होतं, मिटत होतं, गळ्याची शीर फुगत होती, बोट माझ्याकडे रोखलेलं होतं. आवाज नव्हता. बरंच बोलून झाल्यावर तिच्या ते लक्षात आलं. ती थांबली. गळ्याला हात लावला. मग तिने आ लावला. मी तिच्याकडे बघत होतो. षड्ज लावताना ती हनुवटी किंचित खाली घेते, तशी तिने घेतली. काही आलं नाही.

घूंऽऽ चालू होतं.

मी केबल घेऊन खोबण शोधली. तिथे गुळगुळीत पत्रा होता. नखाने चाचपलं, टॉर्च लावला. पत्रा.

मी मुजावरला फोन लावला. "बायकोचा आवाज गेला," मी सांगितलं.

"कुठली केबल काढली?"

"सगळ्या सारख्याच दिसतात."

"तसं होतंय, काका. मॉड्युलर आहे ना. त्यात सगळं सुटं होतं."

"परत कसं आणायचं?"

"दुसऱ्या खोबणीत लावून बघा. कुठंतरी निघतंय. फक्त जोर लावू नका, खटका तुटला की कंपनी परत घेत नाही."

शैलजा माझ्यासमोर जमिनीवर बसली. ती रडत नव्हती. लग्न झाल्यापासून मी तिला इतकी रागावलेली पाहिली नव्हती, आणि ती रागावली आहे हे मला आवाजाशिवाय पहिल्यांदाच कळत होतं.

मी ती केबल कुकरच्या खोबणीत लावली. शैलजाने कुकरमध्ये पाणी घालून गॅसवर ठेवला. आम्ही दोघं समोर उभे राहिलो. वाफ धरली, वजन उचललं गेलं आणि कुकर म्हणाला, "अहो!" तिचाच आवाज. गच्चीवरून खाली हाक मारताना लावते तसा. मग थोडं थांबून पुन्हा, "अहो!" शैलजाने गॅस बंद केला.

नळाच्या खोबणीत लावली. मोरीत जाऊन कान दिला. थेंब फुगला, पडला. "तु," नळ म्हणाला. बऱ्याच वेळाने दुसरा थेंब पडला. "म्ही." शैलजाने नळ पूर्ण सोडून बघितला, तेव्हा इतके शब्द एकदम पडले की एकही कळला नाही.

तिसरी खोबण उरली होती. तिच्यात केबल बसेना. मी जोर लावला. कट्ट झालं. केबल आत गेली आणि खटक्याचा तुकडा माझ्या मांडीवर पडला. ओढून बघितली, हलेना. पक्कड लावली तरी हलेना.

तेवढ्यात पंखा थांबला. घूंऽऽ थांबलं. पडद्यावर दिवा होता, कॉम्प्युटर चालू होता, आणि चालू आहे का बंद तेपण कळत नव्हतं. घर शांत झालं. इतके दिवस जे हवं होतं ते मिळालं, आणि मी शैलजाकडे बघू शकलो नाही.

त्या शांततेत खाली बिरनाळेंची गाडी आली. गेटपाशी थांबली, मागे वळली. आणि मागे येत येत गाडी बोलू लागली.

"—एवढंच हवंय की तुम्ही कधीतरी त्या डब्यातून डोकं बाहेर काढून माझ्यासमोर बसावं आणि मी गाते ते ऐकावं. तुम्ही माझं गाणं कधी ऐकलंय का हो? मधे न बोलता, सगळं, शेवटपर्यं—"

ब्रेक लागला.

मी खाली धावलो. शैलजा माझ्या मागे आली. बिरनाळे गाडीत दोन्ही हात चाकावर ठेवून बसले होते. त्यांचा चेहरा उतरला होता.

"ताई बोलल्या," ते म्हणाले.

"पुढे घ्या आणि पुन्हा मागे या."

त्यांनी घेतली. गाडी पुढे जाताना नुसतं इंजिन वाजलं. मागे येऊ लागली तशी शैलजाने गाडीच्या खिडकीजवळ उभं राहून तोंड उघडलं, आणि गाडीच्या मागच्या बाजूने, नंबर प्लेटच्या आसपासून, तिचा षड्ज आला. तो घसरलेला नव्हता. तो तिचा होता, भरलेला, सरळ. गाडी भिंतीपाशी थांबली तसा तो तुटला.

शैलजाने माझ्याकडे बघितलं. मग वर गॅलरीकडे, मग गेटाबाहेरच्या रस्त्याकडे. तिने हातानेच सगळं ठरवलं. बोलणं नसल्यामुळे मला मधे काही सुचवता आलं नाही.

मी माइकची वायर आमच्या मागच्या गॅलरीतून खाली सोडली. पार्किंगची मागची भिंत गॅलरीच्या खालीच आहे. भिंतीला सिमेंटची जाळी आहे, तिच्या एका भोकातून वायर आत ओढून घेतली. ती भिंतीपासून हातभर आत येईल एवढीच पुरली. म्हणजे मला भिंतीला पाठ लावून, माइक छातीशी धरून उभं राहायचं होतं. बिरनाळे गल्लीच्या टोकाला, पिठाच्या गिरणीपासून गाडी मागे घेत निघणार. शैलजा खिडकीला लागून चालत गाणार. गाडी हळूहळू गेटातून आत, माझ्याकडे येणार. गल्लीत स्थायी, आत आल्यावर अंतरा.

पहिल्या वेळी गल्लीत भाजीची हातगाडी आडवी आली. बिरनाळेंनी ब्रेक मारला आणि आलाप मधेच कापला गेला. दुसऱ्या वेळी शैलजाने तीव्र मध्यम असा लावला की बिरनाळे मोठ्याने म्हणाले, "वा!" ते रेकॉर्डिंगमध्ये आलं. शैलजा रस्त्यातच कपाळावर हात मारून उभी राहिली. तिसऱ्या वेळी गाडी वेगात आली. स्थायी पुरी व्हायच्या आतच भिंत आली.

"हळू चालवा की," मी ओरडलो.

"हळूच हाय. ताई द्रुत घ्यायला लागल्या."

शैलजाने मान हलवून नाही म्हटलं. बिरनाळे म्हणाले, "बरं. माझंच चुकलं."

वर घरात कॅनडाचा फोन वाजत होता. मी उचलायला गेलो नाही. दिवेलागण झाली होती, रागाची वेळ तीच. अजून थोड्या वेळाने ती टळली असती. शैलजाने पदर खोचला आणि बिरनाळेंना खूण केली. गाडी गिरणीकडे गेली.

मी भिंतीला पाठ लावली. वायर ताणलेली होती. माझ्या मागच्या जाळीतून थोडा वारा येत होता.

या वेळी लांबून आलं ते सुरुवातीपासूनच वेगळं होतं. गल्ली रिकामी होती. गाडी इतकी सावकाश येत होती की चाकं फिरताहेत की नाही ते कळेना. स्थायी एकेका शब्दाने उलगडत होती. मी पस्तीस वर्षं तिच्या शेजारच्या खोलीत राहिलो होतो, आणि ती एका स्वरावरून दुसऱ्यावर अशी जाते, हे मला माहीत नव्हतं. पंचमावर ती थांबे आणि तिथून खाली येताना कोमल रिषभाला नुसता हात लावून जाई. मला हुंदका आला. माइक छातीशी होता, म्हणून मी तो गिळला.

गाडी गेटातून आत आली. शैलजाला आता स्थायी उरकायला हवी होती, पण तिने मुखडा पुन्हा घेतला. मग पुन्हा. प्रत्येक वेळी समेवर ती वेगळ्या वाटेने आली. ती डोळे मिटून चालत होती, एक हात गाडीच्या दारावर. बिरनाळेंचेही डोळे मिटलेले होते. मागचे लाल दिवे माझ्या शर्टावर पडले.

खांब मागे पडला. मी पाय आवळून घेतले. गाडीचा बंपर माझ्या गुडघ्यांजवळ आला. हात हलवावा असं वाटलं, पण हात हलला की माइक कपड्याला घासतो आणि घासल्याचा आवाज येतो; इंदुताईंच्या कानात तो शेवटपर्यंत वाढवून जाणार होता. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

बंपर गुडघ्याला टेकला. गरम होता. इतक्या जवळून तिचा आवाज माझ्या बरगड्यांत वाजत होता. बिरनाळेंनी डोळे उघडून शैलजाकडे पाहिलं आणि, ब्रेक दाबण्याआधी, विचारल्यासारख्या भुवया उंचावल्या.

अंतरा आता कुठे उचलला होता. तार षड्ज समोर होता, त्याला अजून गळा लागायचा होता. शैलजाने डोळे न उघडता दारावरचा हात सोडला, वर केला, आणि बोटांनी सावकाश खूण केली: अजून मागे.